मागच्या रांगेतला तळवा

सभागृहातल्या पियानोची मधली एक पट्टी दाबली की खाली जात होती, पण वर येताना रेंगाळत होती, सकाळी आपले गुडघे रेंगाळतात तशी... तिने शेजारची दाबून पाहिली, मग सगळी ओळ. नुसतं बोट टेकवलं तरी खणखणीत आवाज. घरचा पियानो म्हणजे दगड, त्याच्याशी झटावं लागतं. तोच हात इथे ठेवला तर भाचीचं गाणं बुडालंच म्हणून समजा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे वाजवायचं, दर ठिकाणी नव्या पियानोची मर्जी सांभाळायची, बोटांना सांगायचं की कालचं विसरा — वीट आला होता तिला, अगदी वीट.

भाची ओठ चावत उभी होती. संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा गेल्या वर्षी हुकली, पुढच्या वर्षी वयात बसणार नाही. परीक्षक यायच्या आत सरावाला दहा मिनिटं.

“मावशी, काका बसले का मागे?”

बसले होते, शेवटच्या रांगेत, मफलर मांडीवर ठेवून. वाजवणाऱ्याला आपला आवाज मागपर्यंत कसा पोचतो ते कळत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून हे तिथे बसतात; तळवा खाली म्हणजे हळू, वर म्हणजे मोठं. तिने तो तळवा कधी पडताळून पाहिला नाही. पण गेले सहा महिने ह्यांना दारावरची बेल ऐकू येत नव्हती, आणि विषय काढला की ‘बेलच बिघडलीय’ म्हणून मोकळे. गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमात तळवा वर, अजून वर... नंतर गायक म्हणाला होता, “बाई, आज मंचावर तुम्ही एकट्याच होतात.” तिने चूक स्वतःवर घेतली. ह्यांना सांगायचं कसं?

भाचीने सूर लावला. दुसऱ्याच ओळीला तळवा वर. पोरीच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पियानो तिला रेटत होता, आणि तळवा अजून वर — केवढी काळजी त्या चेहऱ्यावर, जणू पोरीचं सगळं त्यांच्याच हातात होतं.

तिने मान हलवली. कळलं, कळलं. खांदे उचलले, अंग पुढे झोकलं, आणि बोटं मात्र पट्टीच्या तळापर्यंत सावकाश, झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तशी, उतरू दिली. आवाज निम्म्यावर आला. पोरीचा गळा सैल झाला.

मागे ह्यांनी तळवा मिटून मांडीवर ठेवला आणि समाधानाने मान डोलावली. आत्ता बरोबर.

एकदा तरी तुमच्या कपाळाला आठी पडायला हवी होती... मी फसवलं आणि तुम्ही फसलात. माझे खांदे बघत होतात तुम्ही — कधीपासून?

“काका काय म्हणाले?” भाचीने विचारलं.

“बरोबर आहे म्हणाले.”

पोरीने विश्वास ठेवला. खरंच बरोबर होतं का, की आता फारच हळू झालं होतं, हे मावशीला इथे पियानोशी बसून कळणार नव्हतं, आणि विचारावं असं सभागृहात कुणी नव्हतं. दार उघडून परीक्षक आत आले. ह्यांनी तळवा गुडघ्यावर तयार ठेवला, आणि ती पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता वाजवायला बसली.