विमा आणि गार झालेली कॉफी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. ज्यांनी ज्यांनी मला भंगार म्हटलं, त्यांच्या दारावरून मी आजही चालत जाते.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. ठोकाठोकी, रंगाचा वास, आणि मग जहाजाच्या पोटातला अंधार. अकाबाच्या बंदरात उतरले तेव्हा पहिल्यांदा ऊन पाहिलं. अम्मानमध्ये अब्दून या श्रीमंत वस्तीतल्या एका दातांच्या डॉक्टरने मला विकत घेतलं. त्याच्या घरी सावली होती, सोबतीला आणखी दोन गाड्या होत्या, आणि काम काहीच नव्हतं. काही वर्षांनी त्याचं मन भरलं आणि त्याने मला विकून टाकलं. तेव्हा फार वाईट वाटलं. आता वाटत नाही.

कारण मग मला अबू शाहेरने घेतलं. त्याचं खरं नाव राजी. पण थोरल्या मुलाचं नाव शाहेर, म्हणून सगळी वस्ती त्याला अबू शाहेर, म्हणजे शाहेरचा बाप म्हणायची आणि त्याच्या बायकोला उम्म शाहेर, शाहेरची आई. अबू शाहेर पिंजारी होता. वहदातच्या बाजारामागे त्याचं दुकान. तो लोकर पिंजून गाद्या भरायचा आणि उम्म शाहेर वरचे अभ्रे शिवायची.

कागदपत्रं करताना त्याने मला बायकोच्या नावावर केलं.

"माझ्या नावावर कशाला?" ती म्हणाली. "मला चालवता कुठे येतं?"

"म्हणूनच. चालवायला मी, आणि ओरडायला मालकीण."

आणि ती खरोखर ओरडायची. टपावर नवरीच्या गाद्यांचा डोंगर बांधलेला असायचा. ती शेजारच्या आसनावर बसून एक हात खिडकीबाहेर काढून दोरी धरायची आणि दुसऱ्या हाताने त्याला वाट दाखवायची. खड्डा आला, ती उडाली, की तो लगेच म्हणायचा, "हक्किक अलय." म्हणजे तुझा हक्क माझ्यावर.

मित्रांनो, हे शब्द नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे हे शब्द दिवसभर ऐकू येतात. मूल पडलं, म्हण. कोणाचा चहा सांडला, म्हण. कोणी रुसलं, रडलं, म्हण. चूक कोणाची हा प्रश्नच नसतो. समोरच्याला दुखलंय ना, मग त्याचा भार थोडा आपल्या खांद्यावर घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. उम्म शाहेर त्यावर म्हणायची, "तुझ्यावर माझे इतके हक्क झालेत की कयामतीच्या दिवशी वसुलीला वेगळा देवदूत लागेल."

आम्ही खूप काम केलं. जबल नझीफचा चढ मी गाद्यांसकट चढायचे आणि चहाच्या टपरीवरची माणसं म्हणायची, "गाडी आहे का बकरी!" मला ते कौतुकच वाटायचं.

मग उम्म शाहेर आजारी पडली. मीच तिला इस्पितळात नेलं, बऱ्याच वेळा नेलं. शेवटच्या वेळी मी तिला न घेता परत आले.

त्यानंतर अबू शाहेर माझ्याजवळ येईना. मी गल्लीत उभी राहिले. पोरांनी धुळीत बोटाने लिहिलं, 'मला धुवा.' एका मांजरीने माझ्याखाली पिल्लं घातली आणि ती मोठी होऊन निघूनही गेली. मला राग आला होता, हे मी लपवत नाही. माणूस दुःखात असला की त्याला वाटतं, आपल्याशिवाय कोणाचं काही गेलं नाही. माझीही मालकीण गेली होती.

एका शुक्रवारी तो आला. त्याने काचा पुसल्या. खूप वेळ किल्ली फिरवली, मी खोकले, मग चालू झाले. आम्ही सहाबच्या कब्रस्तानात गेलो. तिथे तो तिच्याजवळ बसला. नंतर दर शुक्रवारी जायला लागलो, आणि बाकीच्या दिवशी पुन्हा गाद्या. शेजारचं आसन रिकामं असायचं आणि दोरी कोणी धरत नसे. म्हणून तो हळू चालवायचा.

असंच एकदा सहाबहून परतताना गोल चौकात आम्ही अर्धं वळण घेतलं होतं. तेवढ्यात उजवीकडून एक नवी कोरी गाडी न थांबता आत घुसली आणि माझ्या उजव्या दारावर, रिकाम्या आसनाच्या बाजूला, आदळली.

त्या गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. मैसून तिचं नाव, शाळेत शिकवायची. ती मोठ्याने रडत होती. अबू शाहेर खाली उतरला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "रडू नकोस पोरी. हक्किक अलय. हक्किक अलय."

तोपर्यंत जवळच असलेला तिचा भाऊ नाएल धावत पोचला होता. त्याने लगेच बघ्यांकडे वळून आवाज चढवला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? काय म्हणाला तो?"

"अरे बाबा, तसं तर सगळेच म्हणतात," एक कणसं विकणारा म्हणाला.

"म्हणाला की नाही, तेवढं सांग!"

वाहतूक पोलीस आला. अपघाताचा नकाशा काढतात, त्याला आमच्याकडे 'करोका' म्हणतात. कोणती गाडी कुठून आली आणि दोष कोणाचा, ते त्यात असतं. तो पोलीस कोवळा होता, मागे गाड्यांची रांग लागली होती. त्याने विचारलं, "हाजी, तुम्ही म्हणालात हे?"

"म्हणालो."

"मग दोष तुमचा लिहू?"

अबू शाहेरने मुलीकडे पाहिलं. ती अजून रडत होती. आता तिच्यासमोर 'मी म्हणालो, पण मनापासून नाही' असं कसं म्हणायचं? दिलेला शब्द मागे घेतल्यासारखं झालं असतं. तो म्हणाला, "लिही बाळा. पोरीला घरी जाऊ दे."

झालं. माझं दार चेपलं आणि दोषही माझ्याच माथी आला.

त्याची किंमत कळली ती माझ्या परवान्याची मुदत आली तेव्हा. विमा असल्याशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय रस्ता नाही. मालकीण गेली होती, म्हणून या वेळी सगळं अबू शाहेरच्या नावावर करायचं होतं. परवाना कचेरीबाहेर विम्याच्या दुकानांची रांग आहे. प्रत्येकाच्या दारात एकेक माणूस उभा असतो आणि भाजी विकावी तसा विमा विकतो. "इकडे या हाजी! स्वस्त! अख्ख्या अम्मानात असा भाव नाही!" आम्ही एकेका दारात थांबलो. आत जाईपर्यंत सगळे गोड बोलायचे. मग यंत्रावर करोका दिसला की भाव उड्या मारायचा.

"काका, अपघात तुमच्या नावावर. त्यात ही गाडी..." एकाने मला न्याहाळलं. "या पैशात हिच्यासारखी दुसरी येईल."

"हिच्यासारखी?" अबू शाहेर म्हणाला. "दाखव."

तो माणूस हसला. अबू शाहेर हसला नाही.

संध्याकाळी कुवेतहून शाहेरचा फोन आला. अबू शाहेर माझ्यात बसूनच बोलत होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"बाबा, हट्ट सोडा. भंगारात द्या तिला. टॅक्सीने जा सहाबला."

"टॅक्सीवाला तिथे किती वेळ थांबेल?"

"तुम्ही किती वेळ बसता?"

"तेच तर. मोजत नाही मी."



दुसऱ्या दिवशी आम्ही शेवटच्या दुकानात गेलो. तिथला दलाल घालिब नावाचा, केसांना तेल लावलेला. त्याने कागद चाळले आणि त्याचे डोळे चमकले.

"अहो हाजी, आधी सांगायचं ना! गाडी अजून बाईंच्या नावावर आहे. त्यांच्या नावावर इतक्या वर्षांत साधा ओरखडा नाही! तुमच्या नावावर करूच नका. जुन्या दरातच चालू ठेवू. बाईंची एक सही हवी फक्त."

"ती वारली."

"ते मला माहीत नाही," घालिब डोळा मिचकावत म्हणाला. "तुम्हालाही माहीत नाही. सही तुम्हीच मारा. कागदावर बाई ठणठणीत. सगळे करतात हो!"

मला त्या क्षणी पुढे काय होणार ते कळेना. खरं सांगते, मला भीती वाटली. एक सही, आणि मी वाचणार होते.

अबू शाहेरने कागदावरचं तिचं नाव पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "इस्पितळाच्या दारात मला विचारलं होतं, नातं काय, आणि ती गेली हे मान्य आहे का. मी मान्य आहे म्हणालो. ते एकदा म्हणायला मला किती जड गेलं, तुला कळायचं नाही. आता थोडे पैसे वाचवायला ती जिवंत आहे असं लिहू? आण इकडे माझे कागद."

"मग गाडी उभी राहील, हाजी!"

"उभी राहू दे. आम्हाला उभं राहता येतं."

मित्रांनो, तेव्हापासून मी कोणापुढे वाकून बोलत नाही.

घरी येऊन त्याने दाढी केली, डोक्याला लाल चौकटीचा रुमाल बांधला, वर काळी दोरी बसवली आणि माझ्यात बसला. परवान्याचे एक-दोन दिवस उरले होते. आम्ही मैसूनच्या घरी गेलो. तिचा बाप अबू नाएल म्हातारा, गुडघ्यांनी अधू, ओसरीत बसला होता. मी फाटकाशी उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. कोणाच्या घरी मोठं मागणं घेऊन जायचं असेल, मुलीचा हात असो की खुनाची माफी, तर वस्तीतली वजनदार माणसं जमवून जातात. त्याला 'जाहा' म्हणतात. यजमान कॉफी देतो. पाहुणा कप खाली ठेवतो. मागणं मान्य होईपर्यंत ओठाला लावत नाही. कप तसाच राहिला आणि पाहुणा उठून गेला, तर त्या घराला वस्तीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

कॉफी आली. अबू शाहेरने कप समोर ठेवला.

नाएल दारात उभा होता. तो हसला. "हे काय काका, जाहा? जाहाला माणसं लागतात. मोठमोठी माणसं. तुम्ही तर एकटेच!"

"दोघं आलोय," अबू शाहेर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ती पायऱ्या चढू शकत नाही म्हणून खाली उभी आहे."

"पैसे हवे असतील तर सरळ सांगा."

"गप्प बस!" म्हातारा अबू नाएल गरजला. "घरात पाहुण्याचा कप भरलेला आहे आणि तू पैशाचं बोलतोस? बोला भाऊ. काय मागणं आहे?"

"त्या दिवशी तुमची पोर रडत होती. मी तिला हक्किक अलय म्हणालो. उद्या रडली तर उद्याही म्हणेन, ते मी मागे घेणार नाही. पण ते मी पोरीला म्हणालो होतो, पोलिसाला नाही. चौकात आधी कोण होतं, ते तिने सांगावं. मागणं एवढंच. ती म्हणाली की दोष माझा, तर ही कॉफी मी पितो आणि गाडी उद्या भंगारवाल्याकडे नेतो."

कपातून वाफ येत होती, ती हळूहळू थांबली.

मैसून आतून आली. नाएल म्हणाला, "मैसून, आत जा."

ती गेली नाही. "काका आधीच चौकात होते, बाबा," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही. फोन वाजला म्हणून मी पिशवीत हात घातला होता. त्यांनी इतक्या मायेने बोलायला सुरुवात केली की मला वाटलं, खरंच त्यांचीच चूक असेल. मग नाएल ओरडायला लागला आणि मला बोलताच येईना."

अबू नाएलने मुलाकडे पाहिलं. "एका माणसाने माया केली आणि तू त्या मायेचा कबुलीजबाब केलास? वर माझ्याच घरात त्याला हसतोस?" मग तो काठीवर भार देत उठला. "कॉफी घ्या भाऊ. मागणं मान्य. नाएल उद्या बहिणीला घेऊन पोलिसांकडे जाईल आणि स्वतःच्या तोंडाने सांगेल."

"गार झाली असेल, दुसरी आणते," मैसून म्हणाली.

"नको पोरी," अबू शाहेर म्हणाला. "मी हीच पिणार."

आणि त्याने ती एका घोटात संपवली.

पोलिसांनी नकाशा नवा काढला. तिसऱ्या दुकानात आम्हाला परवडणारा विमा मिळाला. माझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढं भरून देणारा. माझ्या स्वतःच्या पत्र्याचा विमा कोणी काढत नाही, मी म्हातारी आहे ना. काही हरकत नाही. अबू शाहेरचं जे गेलं, ते तरी कोणी भरून दिलं? तरी तो रोज सकाळी दुकान उघडतोच. यावेळी कागदावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं. लिहिताना त्याचा हात थांबला. दुकानदाराने घाई केली नाही, म्हणून त्या दुकानदाराबद्दल मला आदर आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे गाऱ्हाणं नाही, बजावणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूची किंमत बाहेरच्याला विचारू नका. तेल घाला, पुसा, दार चेपलं तर ठोकून घ्या, आणि कामाला लावा. आणि कोणी तुमच्याशी मायेने बोललं, तर तो शब्द त्याच्याविरुद्ध वापरू नका. तसं केलं तर उद्या कोणी मायेने बोलायचंच नाही.

आता मला वेळ नाही. आज जबल नझीफला एका नवरीच्या गाद्या पोचवायच्या आहेत. दोरी अबू शाहेरने दोनदा ताणून बांधली आहे. चढ सुरू झालाय, मागून एक भली मोठी नवी गाडी भोंगा वाजवते आहे.

वाजवू दे. रस्ता माझाही आहे.