एक घर खाली

ह्यांचा हात हलतो, हे पहिल्यांदा सांगितलं आमच्या लेकीने.

ती प्रोग्रामर, हे शिंपी. दुकानातला चिठ्ठ्यांचा पसारा बघून तिने ह्यांना टॅबलेटवर कामांची यादी करून दिली. बोटाने काम धरायचं, ओढायचं, हव्या त्या जागी सोडायचं. घाईचा शर्ट वर, बिनघाईची पँट खाली. ह्यांना कोण कौतुक! येईल त्या गिऱ्हाइकाला ओढून दाखवायचे.

पण पँट खाली आणून कोटाच्या वर सोडली, की ती कोटाच्या खाली जाऊन बसायची. लेकीला सांगितलं, तर तिने मान वर न करता निकाल देऊन टाकला, "बाबा, प्रोग्राम बरोबर आहे. सोडताना तुमचा हात हलतो. वय झालं आता."

मीही लगेच हो ला हो केलं. माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

उभा जन्म ज्या हाताने कापड कापलं, त्याच्याकडे हे संशयाने बघायला लागले. खडूची रेघ मारायची, पुसायची, परत मारायची. शेवटी कापायचं काम शेजारच्या दुकानात दिलं आणि स्वतःकडे नुसती काजं-बटणं ठेवली.

परवा लेक भरदुपारी दुकानात आली. ऑफिसात साहेबांना तीच यादी दाखवताना तिच्याही बोटाखालचं काम एक घर खाली गेलं होतं.

"बाबा, तुमचा हात नव्हता हो! वर नेलं की बरोबर बसतं, खाली नेलं तरच चुकतं. रांगेतून एक उचलला की मागचे सगळे एकेक घर वर सरकतात. ते मी धरलंच नव्हतं."

तिथेच बसून तिने एक ओळ बदलली. ह्यांनी पँट ओढून कोटाच्या वर सोडली. बसली की नेमकी!

माझ्या जिवात जीव आला. धावत जाऊन कापड पसरलं, कात्री काढली. म्हटलं, "घ्या, दाखवा आता तिला!"

ह्यांनी खडू टेकवला. रेघ वीतभर सरळ गेली आणि मग थरथरली. मला माझाच इतका राग आला, की कात्री फेकून द्यावीशी वाटली.

"राहू दे," हे म्हणाले, "कापड लोकांचं आहे."

मग त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलत होता. ती मान वर करेना.