रिपोर्ट सोबतच्याला दिला

मित्रांनो, मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे. माझा आवाज म्हणजे नुसती ठकठक आणि घरघर, कानाला अगदी नकोसा. पण माझ्या पोटात जबरदस्त लोहचुंबक आहे आणि खोटं बोलणं मला जमत नाही.

मला या दवाखान्यात आणलं तेव्हा आत घ्यायला भिंत पाडावी लागली होती. काय तो मान! खेळाडूंचे खांदे ही माझी खासियत. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. हाडाला धरून ठेवणारे स्नायू, कूर्चा आणि त्यातली बारीकशी चीर मला दिसते. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "याच्या नजरेतून काही सुटत नाही!"

एकदा भालाफेक करणारी एक मुलगी आली. उजवा खांदा दुखत होता आणि निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. सोबत तिचे काका होते, तेच तिचे प्रशिक्षक. आत सरकताना ती मला म्हणाली, "बाबा रे, नीट बघ हं!"

मी नीट बघितलं. खांद्याच्या खोबणीची कूर्चेची कड फाटली होती. डॉक्टरांनी लिहिलं, तीन महिने भाला बंद.

आमच्या तंत्रज्ञ ताईंची एक सवय आहे. "सोबत कोण आहे?" असं विचारायचं आणि रिपोर्टचं पाकीट त्याच्याच हातात द्यायचं. पेशंट घाबरलेला असतो ना, म्हणून. मुलगी एका हाताने बुटाची नाडी बांधत होती, तोवर काकांनी दारातच रिपोर्ट वाचला आणि घडी करून खिशात टाकला.

"काही नाही गं, नुसती सूज आहे. मशीन म्हातारं झालंय, भलतंसलतं दाखवतं. लाग सरावाला."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मला पाय नाहीत, ही गोष्ट वेगळी. ओरडावं म्हटलं, तर ताईंनी बटण दाबल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. हात झोळीत, सोबत आई. काका मागे मागे. या वेळी कड पार उखडलेली होती.

डॉक्टर चिडलेच. "थांब म्हणून लिहिलं होतं ना? आता ऑपरेशन करावं लागेल."

"पण रिपोर्टमध्ये तर सूजच होती!"

डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टची प्रत तिच्यापुढे धरली. तिने ती दोनदा वाचली.

"म्हणजे काकांना माहीत होतं?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..." काका दारातून म्हणाले. तिने मान वर केली नाही. आईने तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ती रडली.

मित्रांनो, मला खुशाल म्हातारं म्हणा. पण मला खोटं पाडून त्या पोरीचा घात केला, हे मला अजून सहन होत नाही. आपला रिपोर्ट आपण वाचा. समजला नाही तर डॉक्टरांना विचारा, लाजू नका. आणि दुसऱ्याचा रिपोर्ट तुमच्या हाती आलाच, तर ज्याचा त्याला द्या. लपवणारे तुम्ही असता, पण खांदा त्याचा जातो.