एकाच तव्यापाशी दोन प्राध्यापक

मी एक जुना लोखंडी तवा आहे. एल साल्वादोर देशात, ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावाच्या चौकात, ओतिलियाबाईंच्या गाडीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, घरातला छोटा गोल तवा डोळ्यांसमोर आणू नका. मी लांबरुंद, चौकोनी आणि चांगला जाडजूड आहे. हासिन्तो लोहाराने मोडीत निघालेल्या ट्रकच्या पत्र्यातून मला घडवले. घणाचे घाव मी सोसले. पण माझ्यावर पहिली पुपुसा खरपूस भाजली गेली, तेव्हा आपण कशासाठी जन्मलो ते मला कळले. पुपुसा म्हणजे मक्याची जाड भाकरी. तिच्या पोटात राजम्याचे वाटण आणि चीज.

माझे कौतुकही खूप झाले. बसचे चालक विचारायचे, "बाई, ही चव हाताची की तव्याची?"

"तव्याची! हात काय, रुफिनालाही आहेत!" ओतिलियाबाई शेजारच्या गाडीकडे बघत म्हणायच्या.

"आणि दुसऱ्याच्यात खुपसायला नाक तुला एकटीलाच आहे!" तिकडून रुफिनाबाईंचे उत्तर तयार असायचे.

मध्यंतरी वाईट दिवस आले. बाईंनी चकचकीत नवा तवा आणला आणि मला गाडीमागे उभे केले. पावसाने मी तांबडा झालो. पण नव्याला पुपुसा चिकटू लागल्या. बाईंनी मला मीठ लावून घासले आणि मुकाट्याने पुन्हा आचेवर चढवले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चौकात दोन प्राध्यापक आले. दोघेही एकाच विद्यापीठातले. डॉक्टर मेन्हिवार आमच्या गाडीशी बसून विक्रेत्यांची घरे कशी चालतात ते विचारायचे. डॉक्टर उमान्याबाई रुफिनाबाईंकडे बसून गिऱ्हाइकांशी बोलायच्या. एक जवळून गेला की दुसरा कागद झाकायचा.

"उमान्या काय विचारत होत्या हो?" मेन्हिवार हळूच म्हणायचे.

"मला काय विचारता मास्तर? त्या बसल्यात तिथं. तोंड आहे की त्यांना!"

अशातच बातमी आली. साऱ्या गाड्या गावाबाहेर हलवायचे नगरसभेच्या मनात होते. सोमवारी सुनावणी होती. तिकडे उजाड माळावर कोण खायला येणार? ओतिलियाबाई आणि रुफिनाबाई दोघी हवालदिल झाल्या. एका प्राध्यापकाला विक्रेत्यांचे माहीत होते, दुसरीला गिऱ्हाइकांचे; दोन्ही जोडून मांडले असते तर नगरसभेला पटले असते. पण एकमेकांना काही सांगायला कुणी तयार नव्हते.

"आधी माझा लेख छापून येऊ दे," मेन्हिवार म्हणाले.

"तोवर आम्ही कुठं असू?" बाईंनी विचारले.

रविवारी चौक गिऱ्हाइकांनी फुलला होता आणि नेमका तेव्हाच रुफिनाबाईंचा मातीचा तवा तडकला. त्या मटकन खाली बसल्या. मला वाटले, आता ओतिलियाबाई हसणार. पण त्यांनी उलथण्याने आपल्या पुपुसा एका बाजूला सारल्या.

"ऊठ गं भवाने! अर्धा तवा तुझा. पण तुझं ते खारट सारण माझ्यात मिसळलं तर याद राख!"

"मिसळलं तर तुझ्या अळणी पुपुसांना जरा चव येईल!" रुफिनाबाईंनी डोळे पुसले, एप्रनला हात पुसले आणि त्या कामाला लागल्या.

दोघी कोपराला कोपर लावून भाजत होत्या. माझ्या अंगाचा कणन् कण कामात होता! दोन्हीकडची गिऱ्हाइके एकाच बाकावर आली आणि दोन्ही प्राध्यापकांनाही शेजारी बसावे लागले.

"ही तुमची स्पर्धक ना?" उमान्याबाईंनी विचारले. "मग तवा का दिलात?"

"भांडण गिऱ्हाइकासाठी. चौक दोघींचा. आज तिची गाडी उठली की उद्या माझी उठेल. तुम्हीही एकाच शाळेतले ना? मग कागद पोटाशी धरून का बसता? कुणी चोरतंय का?"

"चोरतात हो बाई," मेन्हिवार ओशाळून हसले. "खरंच चोरतात."

"माझंही एकदा चोरलं होतं," उमान्याबाई हळूच म्हणाल्या.

मग मेन्हिवारांनी ताटली बाजूला केली आणि आपले कागद त्यांच्यापुढे सरकवले. संध्याकाळी गाड्या आवरेपर्यंत ती दोघे त्याच बाकावर होती.

सुनावणीला मला कोण नेणार? पण परतल्यावर बाईंनी सगळे सांगितले. दोघे प्राध्यापक मिळून थोडेसेच बोलले आणि त्यांनी या दोघींना पुढे केले. रुफिनाबाई बोलायच्या थांबेचनात! अखेर गाड्या चौकातच राहिल्या. गाड्यांनी अडलेली दवाखान्याची वाट तेवढी मोकळी करावी लागली आणि चौकाला पाण्याचा नळ मिळाला.

छापण्याआधी दोघा प्राध्यापकांनी मिळून लिहिलेला लेख चौकात मोठ्याने वाचला. "मी 'भांडखोर' नाही, ते काढा!" रुफिनाबाई कडाडल्या. सगळे हसले, पण तो शब्द काढला गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठा अभ्यासक होईल. ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांना आधी वाचून दाखवा. शेजारी बसलेल्यापासून कागद लपवू नका. आणि असा चौक भेटला, तर पहिला प्रश्न विचारण्याआधी पोटभर खाऊन घ्या. भुकेल्या माणसाला समोरच्याचे नीट ऐकू येत नाही, हे मी रोज पाहतो.