खरा काळा

विश्रामबागेतल्या टीव्हीच्या दुकानात, मागच्या भिंतीवरच्या सगळ्या पडद्यांवर शशिकांत पाटण्यांचं घर चालू होतं. लहान पडद्यांवर नुसता हॉल मावत होता. मोठ्यांवर हॉल, स्वयंपाकघराचं दार आणि त्यापलीकडचा ओटासुद्धा. दुकानाची रीतच तशी होती. सगळ्यात मोठ्या टीव्हीची चौकशी जो करील त्याचं घर लावायचं, म्हणजे ओळखीच्या वस्तूंवरून गिऱ्हाइकाला फरक कळतो, असं सेल्समन कोरे म्हणाले, आणि पाटण्यांना ते पटलं. आधी कळलं असतं तर दिवाणावर पडलेले धुतलेले कपडे उचलून ठेवायला सांगितलं असतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

रविवारी पाटण्यांच्या मुलीला, मृणालला, बघायला कोल्हापूरचे गाडवे येणार होते. गाडवेबाई फोनवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आमच्याकडे हॉलची एक भिंत म्हणजे टीव्हीच आहे. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. पाटण्यांनी मात्र फोन ठेवल्यावर आपल्या टीव्हीकडे पाहिलं, त्यावरचा भरतकामाचा रुमाल पाहिला, आणि तेव्हापासून त्यांना आपला हॉल आवडेनासा झाला होता.

"हा साधा एलईडी," कोरे पहिल्या पडद्यापाशी थांबले. "मागं दिव्याची एक पाटी असते. सगळ्या चित्राला मागून उजेड. त्यामुळं अंधार असला तरी तो जरा राखाडीच दिसतो."

पडद्यावर हॉलच्या फरशीवर आक्का गवार मोडत बसली होती. आक्का म्हणजे पाटण्यांची थोरली बहीण प्रमिला. तिचं लग्न झालं नाही, कारण विशीत तिच्या अंगावर कोड आलं. आधी बोटांवर, मग हातभर, मग ओठांभोवती आणि डाव्या गालावर. ती बालवाडीत शिकवायची आणि भावाच्या संसारात राहायची. पाटण्यांची बायको नलिनी बँकेत जायची, त्यामुळं मृणालला न्हाऊमाखू घालण्यापासून तिचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं आक्कानंच केलं होतं.

एलईडीवर आक्काचा चेहरा एकाच रंगाचा दिसत होता, पाण्यात धुवून काढल्यासारखा. पाटण्यांना एकदम बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं, म्हणून ते स्टँडच्या स्क्रूकडे बघायला लागले.

"आता हा क्यूएलईडी," कोरे म्हणाले. "रंग बघा."

रंग खरोखरच भारी होते. गवार हिरवीगार, दिवाणावरची चादर लालभडक. आणि आक्काच्या हातांवर गुलाबी-पांढरे डाग, कडांसकट. तिनं एक शेंग मोडली की पांढरं बोट आणि सावळं बोट वेगवेगळं हलताना दिसायचं. बाजूला मिक्सर बघणारी काही गिऱ्हाइकं तो सोडून या भिंतीकडे सरकली. प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून घेऊन ती बसलीही.

"थोडे कमी रंग असलेला नाही का?" पाटण्यांनी हळू विचारलं.

"रंग कमी करता येतात. पण मग कशाला घ्यायचा, साहेब?"

पाटणे एक पाऊल उजवीकडे सरकले. तसा पडदा फिका झाला आणि आक्का अर्धवट पुसली गेली. आणखी सरकले, तर फरशीवर नुसती गवारीची परात राहिली.

"हे काय होतंय?"

"बाजूनं बघितलं की या पॅनेलवर माणूस उडतं. समोर बसणाऱ्यालाच नीट दिसतं. काही लोक तेवढ्यासाठी हे घेत नाहीत."

पाटण्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला. "आक्का काय करतेय?" त्यांनी नलिनीला विचारलं.

"आत्ता इथंच होत्या हो. कुठं गेल्या कुणास ठाऊक. परात तशीच आहे."

पाटणे पुन्हा समोर आले. "ह्या बघा, बसल्यात की," नलिनी म्हणाली. ते बाजूला सरकले. "परत उठल्या वाटतं." तिच्या आवाजात काही आश्चर्य नव्हतं. पाटण्यांनी फोन चालूच ठेवून शर्टाच्या खिशात टाकला आणि समोर येऊन उभे राहिले. रविवारी गाडव्यांना कोणत्या सोफ्यावर बसवायचं याचा हिशोब त्यांचं डोकं आपोआप करत होतं. तो थांबवावासा त्यांना वाटत होता, पण थांबत नव्हता.

"आवाजही ऐकून घ्या," कोरे म्हणाले आणि त्यांनी खालचा लांबट स्पीकर चालू केला.

भिंतीतून पाटण्यांचाच आवाज आला. अगदी स्वच्छ, कोपऱ्यातल्या फ्रिजपर्यंत पोचेल असा. "रविवारी आक्काला जरा आतच बसू दे. पोहे झाले की आत. तूच सांग तिला, मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. लोक विचारतात, घराण्यात आहे का म्हणून. पोरीचं नुकसान नको."

"हे मी सकाळी बोललो होतो," पाटणे म्हणाले.

"बोललेलं घरात थोडा वेळ राहतं. साधा स्पीकर ते उचलत नाही. हा उचलतो." कोऱ्यांनी आवाज आणखी वाढवला, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

खुर्च्यांवरची माणसं लक्ष देऊन ऐकत होती. कुणी हसलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. त्यामुळं ते जास्तच लागलं. पाटण्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या एका बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"ह्यांनाच आत बसवायचंय का? कोण तुमच्या?"

पाटण्यांना उत्तर माहीत होतं. ते तोंडापर्यंत आलंही. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"शेजारच्या आहेत," ते म्हणाले.

सगळ्या पडद्यांवर आक्कानं मान वर केली. फोन खिशात चालू होता. घरी नलिनीनं आपला फोन ओट्यावर ठेवला होता, आणि त्याचा आवाज मोठा असायचा. आक्का क्षणभर समोर बघत राहिली. ज्या पडद्यावर बघावं त्यावर ती वेगळी दिसत होती. एकावर धुवट, एकावर भडक. मग तिनं उरलेली गवार भराभर मोडून संपवली, परात ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी घेतली. दाराशी जाऊन तिनं चपला घातल्या.

"येते हं, वहिनी," ती म्हणाली.

"बसा की, चहा घेऊन जा," नलिनी म्हणाली, जसं शेजारणीला म्हणतात तसं.

"नको, घरी कामं पडलीत."

दार लागलं. पाटण्यांनी फोन कानाला लावला. "नलिनी, आक्का कुठं गेली?"

"कोण आक्का?"

"आत्ता गवार मोडत बसली होती ती."

"त्या होय. शेजारच्या बाई. माणूस चांगलं आहे हो, आपण होऊन भाजी निवडून देतात. तुम्ही टीव्ही बघितला का?"

"नलिनी, ती माझी बहीण आहे."

"तुम्हाला कुठं बहीण आहे?" ती म्हणाली. दुधाला उकळी आली म्हणून तिनं फोन ठेवला.

पाटणे खुर्च्यांकडे वळले. "त्या माझ्या सख्ख्या बहीण आहेत," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मघाशी मी चुकून बोललो."

पर्सवाल्या बाई उठून मिक्सरकडे गेल्या होत्या. बाकीचे पडद्यावरचा रिकामा हॉल बघत होते. "आता त्या गेल्या ना," एक म्हातारे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले.

"त्या कुठं गेल्या ते दिसेल का?" पाटण्यांनी कोऱ्यांना विचारलं.

"शेजारी खिडक्या बंद आहेत. अंधार आहे आत. या दोन्हींवर तुम्हाला नुसता राखाडी धूर दिसेल." कोऱ्यांनी त्यांना भिंतीच्या टोकाला नेलं. तिथं एकच पडदा होता, काचेच्या पाटीसारखा पातळ. "हा ओएलईडी. याच्या मागं दिवा नाही. यातला एकेक ठिपका आपापला पेटतो आणि आपापला विझतो. यात काळा म्हणजे खरा काळा. आणि कुठूनही बघा, माणूस जागचं हलत नाही."

पडदा इतका काळा होता की पाटण्यांना वाटलं भिंतीला तिथं भोकच आहे. हळूहळू त्यात एक खाट दिसली. खाटेवर आक्का बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. कुणाच्या तरी घरी न सांगता आलेलं माणूस बसतं तशी, अगदी कडेला. तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेष दिसत होती. पाटण्यांनी इतक्या वर्षांत बहिणीकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. तिच्या वरच्या ओठाजवळ आता सावळा रंग थोडासाच उरला होता, ठिपक्याएवढा, हे त्यांना तिथं कळलं. पिशवीतून तिनं एक छोटी डबी काढली आणि त्यातलं गव्हाळ रंगाचं मलम गालाला लावायला लागली. आरसा नव्हता. ती अंदाजानं लावत होती आणि ते डागाच्या बाहेर जात होतं. म्हणजे नलिनीनं सांगायच्या आधीच तिला रविवारचं कळलं होतं.

"हाच द्या," पाटणे म्हणाले.

"कोणत्या मापात?"

"ती पूर्ण दिसेल अशा."

ते घरी पोचले तेव्हा रविवार झाला होता. टीव्ही त्यांच्या आधी आला होता आणि हॉलची एक भिंत त्यानं अडवली होती. सोफ्यावर गाडवे, गाडवेबाई आणि मुलगा बसले होते. त्यांच्यापुढं पोह्यांच्या बश्या होत्या. टीव्ही चालू होता. खोलीभर मोठी आक्का खाटेवर बसून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या गालावर मलमाचा जाड थर होता आणि तो वाळून भेगाळला होता.

"चित्र फार छान आहे," गाडवे म्हणाले. "आमच्यात इतकं बारीक दिसत नाही."

"ह्या कोण?" गाडवेबाईंनी विचारलं.

पाटण्यांनी चपला काढल्या. ते काही बोलायच्या आत मृणाल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "शेजारच्या काकू," ती म्हणाली. "मला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. आई बँकेत असायची ना. मला वाचायला त्यांनीच शिकवलं." हे सांगताना तिचा चेहरा उजळला. मग ती जरा थांबली, काहीतरी विसरल्यासारखी, आणि कप देऊ लागली.

"मग त्यांना बोलवा की," गाडवेबाई म्हणाल्या. "मुलीला वाढवलेलं माणूस बैठकीला हवंच. आम्हाला त्यांच्याशीच बोलायला आवडेल."

"आणतो बोलावून," पाटणे म्हणाले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं तर. ते अनवाणीच बाहेर पडले आणि शेजारच्या दाराकडे वळले. तिथं दार नव्हतं. त्यांचं घर मजल्यावरचं शेवटचं होतं आणि त्याला लागून इमारतीची बाहेरची भिंत होती. शेजारी कधी कुणी राहतच नव्हतं. त्यांनी भिंतीला कान लावला. पलीकडे खाट करकरली.

"आक्का," त्यांनी हाक मारली.

"कोण?" भिंतीतून आवाज आला. ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं तसा, जपून.

"मी शशी. घरी चल."

"पाहुणे गेले का?"

"नाही, बसलेत. तुलाच बोलावतायत."

पलीकडे डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला. "नको," मग ती म्हणाली. "मी आतच बरी आहे."

पाटणे परत हॉलमध्ये आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "त्यांना बरं नाही," ते म्हणाले. पडद्यावर आक्काचा चेहरा त्यांच्या वाक्याबरोबर किंचित हलला, कारण ती ऐकत होती. तिच्या गालावरचा मलमाचा एक पोपडा सुटून खाली पडला आणि आतला डाग उघडा झाला, बशीएवढा, लख्ख. मुलानं पोह्यांचा चमचा खाली ठेवला. गाडव्यांनी बायकोकडे पाहिलं. गाडवेबाई मृणालकडे बघत होत्या, मग पडद्याकडे, मग परत मृणालच्या हनुवटीकडे.

"तुमच्या चेहऱ्यात आणि त्यांच्यात साम्य आहे," गाडवेबाई पाटण्यांना म्हणाल्या. "नातं आहे का काही?"

पाटणे कडेच्या खुर्चीकडे सरकले. तिथूनही आक्का तशीच दिसत होती. ते दिवाणापाशी गेले, स्वयंपाकघराच्या दारात गेले. तिची नजर सगळीकडे त्यांच्यावरच होती, आणि तिच्या नजरेत राग असता तर त्यांना सोसलं असतं. ती लहान भावाला काहीतरी अवघड काम पडलंय हे बघावं तशी बघत होती.

"बाबा, सांगा ना," मृणाल म्हणाली.

नवा रिमोट टीपॉयवर होता, अजून पिशवीतच. पाटण्यांनी तो पिशवीवरूनच धरला आणि लाल बटण दाबलं.

पडदा विझला. खाट गेली, पिशवी गेली, साडी गेली, आणि ती भिंत खरी काळी झाली. फक्त डाग विझले नाहीत. अर्धा गाल, ओठांभोवतीचं वर्तुळ आणि दोन हात, आपापले पेटलेले, अंधारात होते तिथंच राहिले. सोफ्यावर कुणी हललं नाही. मग ते पांढरे हात सावकाश बाजूला सरकले आणि त्यांनी आपल्या शेजारची काळी जागा, कुणाला बसायला द्यायची असावी तशी, झटकून साफ केली.