उत्तरार्धाची घालमेल

मित्रांनो, मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. नेमके सांगायचे तर तिचा उत्तरार्ध. माझे पहिले वाक्यच अर्ध्यावरून सुरू होते. दूरच्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या तळावर कोवळ्या वयाची मुले सैनिकी शिक्षण घेतात, ही माझी कथा. माझ्या पानांत सतत भोंगे वाजतात, कोणी ना कोणी धावत असते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

छापखान्यातून मी अखंड निघाले आणि एका निवृत्त यंत्रकारागिराच्या घरी आले. त्यांना आणि त्यांच्या नातीला माझे एकाच वेळी वेड लागले. त्यांचा चहा निवे, तिची भाजी करपे.

"आजोबा, द्या की आता! किती वेळ?"

"अगं, तो पोरगा हवा नसलेल्या खोलीत अडकलाय. त्याला तसाच सोडून उठू?"

अखेर आजोबांनी कारखान्याच्या शिस्तीने तोडगा काढला. मला वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळले, पट्टी लावली आणि पात्याने पाठीतून माझे दोन भाग केले. माप अचूक होते. फक्त वाक्य मध्येच तुटले.

पुढे नात खरोखरच सैनिकी प्रशिक्षणाला गेली. निघण्याच्या गडबडीत तिने पेटीत पूर्वार्ध भरला, वाचून झालेला! मी टेबलावरच राहिले. मग दर रविवारी दुपारी आजोबा मला फोनवर वाचून दाखवू लागले. भोंग्याचा आवाजही ते तोंडाने काढीत, आणि पलीकडे ती खळखळून हसे. इतके कौतुक मला अखंड असतानाही लाभले नव्हते.

एका रविवारी मात्र तिचा आवाज खोल गेला होता.

"आजोबा, माझं इथं काही खरं नाही. गुडघे सोलवटलेत, सरावाची उंच भिंत चढता येत नाही, सगळ्यांच्या मागे पडते. आधी सांगा, तो पोरगा टिकतो का? तो टिकला तर मीही टिकेन."

आजोबांनी शेवट आधीच वाचला होता. तो मुलगा टिकत नाही. गणवेशाची घडी घालतो आणि परतीच्या यानात बसतो.

शेजारी बसून ऐकणाऱ्या आजी फोनवर हात ठेवून आजोबांना कुजबुजल्या, "अहो, टिकला म्हणा! पुस्तकाला काय कळतंय?"

मला सारे कळत होते. आजोबांचे बोट शेवटच्या परिच्छेदावर थबकले. माझ्या पानापानांत धडधड होती. कोणी निराळेच वाचले तर आम्हाला ओरडता येत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि छापले होते तसेच वाचले.

पलीकडून तिने विचारले,

"गेला? आणि त्याला कुणी भित्रा म्हणालं?"

"पुस्तकात तरी नाही. आणि या घरातही कुणी म्हणणार नाही, बाळा."

"मग ठीक आहे. परत येता येतं म्हणता ना... तर उद्या ती भिंत चढून बघते."

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, वाळवीपासून जपा, आणि आजोबांसारखे पात्याने तर मुळीच कापू नका. पण त्याहूनही एक मागणे आहे: प्रेमापोटीसुद्धा आमचा शेवट बदलून कोणाला सांगू नका. ऐकणाऱ्याला त्याचा आधार घ्यायचा असतो.

ती भिंत चढली का, मला ठाऊक नाही. आज पुन्हा रविवार आहे. माझ्यात वाचण्याजोगे काही उरलेले नाही. तरी आजोबा मला मांडीवर घेऊन फोनजवळ बसले आहेत.