वगळलेली उत्तरं

"बाकीची उत्तरं कुठे गेली?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. उत्तरही पाठ होतं. फक्त बाबा मागच्या बाकावर येऊन बसतील, हे ठाऊक नव्हतं. तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, असं तिनेच एकदा घरी सांगितलं होतं. बाबांनी ते आमंत्रण समजून होडी एक दिवस काठाला बांधली आणि इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. आपल्याच हाताने पायावर धोंडा, दुसरं काय!

पर्यावरण अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रबंध घराजवळच्या तळ्यावर होता. तळं बुजवून तिथे गोदामं व्हायची होती. तळ्याला बाजारात भाव नसतो, म्हणून काठच्या लोकांना विचारायचं, काय मिळालं तर तळं गेलेलं चालेल? मिळालेल्या आकड्यांवरून तळ्याची किंमत काढायची. तीच पुढे पालिकेच्या सुनावणीत मांडली जाणार होती.

"ज्यांनी आकडा द्यायलाच नकार दिला, त्यांची उत्तरं वगळली, सर. पद्धतीचा नियम आहे."

"नियम मलाही माहीत आहे. त्यातलं एखादं उत्तर सांगा. नकारच होता, हे कशावरून ठरवलंत?"

मार्गदर्शक बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. एरवी तिला तोंडपाठ असलेली सगळी उत्तरं ऐन वेळी पळून गेली आणि नेमकं एकच उरलं. गप्प बसावं तर वर्ष जाणार.

"एक होडीवाले होते," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "ते म्हणाले, तळं काय माझ्या बापाचं आहे? मी कोण त्याचा भाव सांगणारा? उद्या आईचा भाव विचारशील."

"मग?"

"मग ते धरलं नाही, सर."

मागे बाक करकरला. तिने मान वर केली नाही. परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं, दोन किरकोळ प्रश्न विचारले आणि अभिनंदन केलं. तिला आनंद झाला नाही. लाज वाटली, सरळ सरळ लाज.

बाबा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते.

"झालीस ना पास?"

"झाले."

"छान झालं. आधी आईला फोन कर." मग ते बराच वेळ जिना उतरणाऱ्या मुलांकडे बघत राहिले. "म्हणजे मी त्यात नाहीच का गं?"

"नाही बाबा. आकडा नसला की धरता येत नाही."

"मला वाटलं, भावच सांगितला नाही तर तळं कुणाला घेताच येणार नाही."

बाबांनी सदऱ्याची बाही उगाच सारखी केली, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मग आता लिही. सांगतो मी आकडा."